कुणापैकी?

सांगलीकडे नवा माणूस भेटला की नुसतं नाव कळून कुणाचं समाधान होत नाही. नाव कळलं की गाव, गाव कळलं की आडनाव, आणि आडनावही कळलं की शेवटचा प्रश्न येतो: "कुणापैकी?" विचारणाऱ्याच्या मनात दरवेळी काही वाईट असतं असं नाही. त्याला एक धागा हवा असतो, कुठून तरी पाहुणे लागले तर बरं वाटतं. पण त्या 'पैकी'मध्ये एक मोठं गृहीतक बसलेलं आहे. आधी एक गठ्ठा आहे आणि तू त्यातला एक. गठ्ठा कळला की तूही कळलास.

या गृहीतकाबद्दल मी पहिल्यांदा गंभीरपणे विचार केला तो माणसांमुळे नाही. समुद्राच्या तळाशी दगडाला चिकटून बसणाऱ्या एका प्राण्यामुळे. मी प्राणिशास्त्र शिकले सांगलीत. इथे कृष्णा आहे, समुद्र नाही. समुद्र आमच्यापर्यंत फॉर्मलिनच्या बरणीतून यायचा. त्यातल्या एका बरणीत हर्डमानिया असायचा: बेढब, बटाट्यासारखा, वरच्या बाजूला दोन भोकं. एस. एम. दास यांनी १९३६ साली या प्राण्यावर सविस्तर प्रबंधिका लिहिली आणि भारतातल्या बी.एस्सी.च्या कित्येक पिढ्यांच्या अभ्यासक्रमात तो जाऊन बसला. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत 'स्पॉटिंग' असतं. ओळीनं बरण्या मांडलेल्या, प्रत्येकीवर नंबर, घंटा वाजली की पुढच्या बरणीकडे सरकायचं. ओळखा आणि वर्गीकरण करा. म्हणजे पुन्हा तेच: कुणापैकी?

हर्डमानियाचं उत्तर चमकवणारं आहे. संघ कॉर्डाटा. म्हणजे मासे, बेडूक, पक्षी आणि आपण ज्या संघात येतो तोच. त्या बटाट्याला कणा नाही, डोळे नाहीत, पाय नाहीत. इंग्रजीत त्याला सी स्क्वर्ट म्हणतात, कारण डिवचलं तर पाण्याची पिचकारी मारतो. ॲरिस्टॉटलनंही या प्राण्यांबद्दल लिहिलंय. पण त्यांचं घराणं शेकडो वर्षं चुकीचं लावलं जात होतं; बरेच जण त्यांना शिंपल्यांच्या जवळचे समजत. मग १८६६ साली कोवालेव्हस्की या रशियन शास्त्रज्ञानं त्यांची पिल्लं कशी वाढतात हे नीट पाहून मांडलं. पिल्लू बेडकाच्या पिल्लासारखं असतं. शेपटी, शेपटीत पाठीचा आधार देणारी दांडी, वर मज्जारज्जू. थोडा वेळ पोहतं, जागा शोधतं, डोक्याकडच्या बाजूनं दगडाला चिकटतं, शेपटी जिरवून टाकतं आणि उरलेला जन्म पाणी गाळत बसतं. मोठेपणचं रूप पाहून कुणाला त्याचं कूळ कळलं नसतं. त्यासाठी त्याचं बालपण बघावं लागलं.

इथवर ठीक आहे. हर्डमानिया एकटा राहतो. एक बरणी, एक प्राणी, एक नाव. खरी पंचाईत त्याच्या वसाहती करणाऱ्या भाऊबंदांपासून सुरू होते.

बोट्रिलस श्लोसेरी नावाचा एक प्राणी आहे. बंदरातल्या खांबांवर, बोटींच्या तळाला, समुद्रगवतावर मऊ, जिलेटिनसारखा थर पसरलेला दिसतो आणि त्या थरात चांदण्या किंवा फुलं कोरल्यासारखी नक्षी. फुलाची प्रत्येक पाकळी म्हणजे एक जीव, साधारण दोन मिलिमीटरचा. प्रत्येकाचं पाणी आत घेण्याचं तोंड वेगळं, हृदय वेगळं, जठर वेगळं. पण वापरलेलं पाणी बाहेर टाकायला फुलाच्या मध्यात सगळ्यांचं मिळून एकच दार. सगळ्यांवर एकच अंगरखा, आणि तोही सेल्युलोजसारख्या द्रव्याचा, जे आपण झाडांचं समजतो. सगळ्यांना जोडणाऱ्या रक्तवाहिन्या सामाईक. ही सगळी वसाहत एका पिल्लापासून, कळ्या फुटत फुटत झालेली असते.

मग हा एक प्राणी की हजार?

तुम्ही म्हणाल, एक. कारण सगळे एकाच पिल्लातून आले, रक्त एक. पण आणखी एक गोष्ट ऐका. या वसाहतीत साधारण दर आठवड्याला मोठी झालेली सगळी पिढी एकदमच मरते. एक-दोन दिवसांत ती विरघळून जाते, तिचं अन्न बाकीची वसाहत शोषून घेते आणि शेजारी तयार असलेल्या कळ्या उमलून तिची जागा घेतात. फुल तेच दिसतं, पाकळ्या सगळ्या नव्या. सात दिवस जगलेल्या त्या पाकळीला विचारता आलं असतं, तर ती स्वतःला वसाहतीचा अवयव म्हणाली असती की वसाहतीत राहणारा जीव? आणि तिच्या मरण्याला आपण मरण म्हणायचं की नखं कापणं?

बोट्रिलस हे नाव ग्रीक भाषेतल्या द्राक्षघडाच्या शब्दावरून आलं आहे. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण हा प्रश्न तासगाव-मिरज बाजूच्या कुठल्याही बागायतदाराच्या शेतात उभा आहे. बिनबियांचं द्राक्ष बी पेरून येत नाही. डॉगरिजसारखा रानटी खुंट लावायचा आणि त्यावर हव्या त्या वाणाची काडी भरायची. काडीची काडी, तिची पुन्हा काडी. थॉमसन सीडलेस जगभर असंच पसरलं. मग जगातल्या थॉमसनच्या सगळ्या बागा मिळून एकच वेल म्हणायची का? आणि त्याच थॉमसनमधून निवडून काढलेल्या वेलीला आपल्याकडे 'तास-ए-गणेश' असं वेगळं नाव मिळालं. त्यातलं 'तास' म्हणजे तासगाव. किती फरक पडला म्हणजे नवं नाव द्यायचं? बाजारात त्याचं उत्तर सोपं असतं, मणी लांब झाला आणि भाव वेगळा मिळाला की झालं. प्राणिशास्त्रात ते इतकं सोपं नाही. माणसांत तर अजिबातच नाही.

आता ओळख पटवण्याकडे येऊ. हातात फोन आहे, फोटो काढला की गूगल लेन्स फुलाचं नाव सांगतं. बोट्रिलसच्या बाबतीत फोटो फारसा कामाचा नाही. एकाच जातीच्या वसाहती केशरी, जांभळ्या, निळसर, जवळजवळ काळ्या, किंवा दोन रंगांच्या असतात. शेजारी शेजारी बसलेल्या दोन वसाहती अगदी सारख्या दिसूनही वेगळ्या जातींच्या असू शकतात. डिडेम्नम नावाच्या दुसऱ्या वंशात तर बाहेरून फक्त पांढरट-पिवळट थर दिसतो. जात ठरवायला सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरएवढा जीव उघडावा लागतो. कल्ल्यांच्या फटींच्या ओळी किती? चार असतील तर डिडेम्नम असण्याची शक्यता, तीन असतील तर ट्रायडिडेम्नम. शुक्रवाहिनी गुंडाळलेली आहे का? अंगरख्यात चुन्याचे तारे आहेत, ते कुठल्या आकाराचे? पिल्लू मिळालं तर त्याचं काय रूप? असं एकेक बघत उत्तराच्या जवळ जायचं.

हे सगळं बघायचं तर प्राणी मारावा लागतो. त्यातही एक बारकावा आहे. जिवंत वसाहत थेट फॉर्मलिनमध्ये टाकली तर प्रत्येक जीव आखडून घेतो आणि आतलं काही दिसत नाही. म्हणून आधी समुद्राच्या पाण्यात मेंथॉलचे खडे टाकतात, बामात असतं तेच मेंथॉल. काही तासांत सगळे जीव सैल पडतात, तोंडं उघडी राहतात, आणि मग फॉर्मलिन. ही दया म्हणायची की सोय? मला वाटतं, सोय. पण सोय असली तरी तिच्यातून एक गोष्ट कळते. धक्का दिला की कुणीही आखडतं, आणि आखडलेल्याची ओळख पटत नाही. आपण माणसांना प्रश्न विचारतो तेव्हा ते किती वेळा फॉर्मलिनसारखे अंगावर ओततो!

शास्त्र म्हणून जे चालतं, त्यातली नैतिक बाजू मला इथे दिसायला लागली. नवी जात जाहीर करताना शास्त्रज्ञाला नुसतं नाव देऊन भागत नाही. कशावरून, हे लिहावं लागतं. ज्या नमुन्यावरून लिहिलं तो 'टाइप' म्हणून संग्रहालयात ठेवावा लागतो. कशासाठी? उद्या कुणी येऊन म्हणू शकेल की तुमचं चुकलं. नाव देणारा माणूस स्वतःला खोटं पाडायची सोय करून ठेवतो. आणि तो नमुना हरवला किंवा कधी ठेवलाच नसेल, तर नाव लोंबकळत राहतं.

बोट्रिलस श्लोसेरीचंच बघा. पीटर पॅलस यानं १७६६ साली त्याला नाव दिलं तेव्हा तो त्याला पोवळ्यांच्या नातलगांत, अल्सिओनियम या वंशात ठेवत होता. नंतर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला साव्हिन्यी या फ्रेंच माणसानं बारीक छेद घेऊन दाखवलं की या वसाहती हर्डमानियासारख्या एकट्या राहणाऱ्यांच्याच नात्यातल्या आहेत. हाच साव्हिन्यी नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला होता, आणि पुढे डोळ्यांच्या आजारानं त्याचं काम थांबलं. मग डीएनए आला आणि कळलं की जगभरच्या बंदरांत ज्याला आपण एकच बोट्रिलस श्लोसेरी म्हणत होतो, त्यात अनेक वेगळ्या शाखा आहेत. आता मूळ नाव कुणाचं? टाइप तर नाही. म्हणून २०१७ साली नवा टाइप ठरवण्यात आला आणि २०२० साली एका शाखेला बोट्रिलस गाये असं स्वतःचं नाव मिळालं. अडीचशे वर्षांनी एका गठ्ठ्यातून एक जण बाहेर पडला. तो आधीही तोच होता. फक्त त्याला दुसऱ्याच्या नावानं हाक मारली जात होती.

या गोष्टी फार दूरच्या वाटत असतील तर आपल्या शेजारच्या जिल्ह्यात चला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शंकर पुरुषोत्तम आघारकर हे मालवणचे तरुण प्राध्यापक पश्चिम घाटात फिरत होते. हे तेच आघारकर, ज्यांचं नाव आज पुण्याच्या संशोधन संस्थेला आहे. पुढे ते मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ झाले, पण त्यांच्या सुरुवातीच्या कीर्तीचं कारण एक प्राणी होता. सातारा जिल्ह्यात, कोयनेच्या खोऱ्यात त्यांना नदीच्या गोड्या पाण्यात जेलीफिश सापडला. जेलीफिश म्हणजे समुद्र, ही आपली पक्की समजूत. या प्रकारचा गोड्या पाण्यातला जेलीफिश तोवर आफ्रिकेतला मानला जात होता. टांगानिका सरोवरातल्या त्याच्या भाईबंदावरून तर ते सरोवर एकेकाळी समुद्राला जोडलेलं होतं का, यावर मोठा वाद झाला होता. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या नेल्सन ॲनंडेल यांनी साताऱ्याच्या प्राण्याला लिम्नोक्निडा इंडिका असं नाव दिलं, आणि १९१२ साली आघारकरांनी एफ. एच. ग्रेव्हली यांच्याबरोबर त्याच्या सवयींबद्दल लिहिलं.

गोड्या पाण्यातल्या जेलीफिशचं आयुष्यही दोन रूपांत चालतं. एक पोहणारी छत्री, दुसरं दगडाला चिकटलेलं, डोळ्याला जेमतेम दिसणारं रूप, जे कळ्या फोडत छोटी वसाहत करतं. याच गटातल्या क्रास्पेडाकुस्टा नावाच्या जेलीफिशची छत्री १८८० साली लंडनमध्ये कमळाच्या टाकीत सापडली आणि तिला नाव मिळालं. त्याचंच दगडाला चिकटलेलं रूप काही वर्षांनी अमेरिकेत सापडलं आणि त्याला मायक्रोहायड्रा असं अगदी वेगळं नाव दिलं गेलं. एकाच प्राण्याला दोन नावं, दोन घराणी! दोन्ही माणसं प्रामाणिक होती, दोघांनी जे दिसलं ते नीट लिहिलं. पण दोघांनी आयुष्याचा एकेकच टप्पा पाहिला होता.

ज्या खोऱ्यात आघारकर फिरले तिथे पुढे कोयना धरण झालं. पाणी चढलं, गावं उठली. त्याच्यानंतर वारणेवर चांदोलीचं झालं. आमच्या भागात 'वसाहत' हा शब्द पुस्तकात नंतर येतो, आधी रस्त्यावर येतो. गावाच्या कडेला, सरळ रेषेत आखलेल्या घरांची, 'धरणग्रस्त वसाहत' अशी पाटी लावलेली वस्ती. माझी एक मैत्रीण तिथली. तिचा जन्म इथला, शाळा इथली, बोली इथली. धरणाचं पाणी तिनं सहलीला गेल्यावर पाहिलं. तरी गावात तिच्या घराबद्दल बोलताना 'वसाहतीतले' म्हणतात. तिच्या आजीच्या बाबतीत ते वर्णन होतं. वडिलांच्या बाबतीत सरकारी दाखला होता, त्याचा जमिनीसाठी उपयोगही होता. तिच्या बाबतीत ते काय आहे? एकदा मी तिला विचारलं, कुणी कुणापैकी म्हटलं तर तू काय सांगतेस? ती म्हणाली, "समोरच्याला काय ऐकायचंय ते बघते आणि सांगते." आखडून घेणं याला म्हणतात.

समुद्रातही स्थानिक आणि परका हा वाद आहे, आणि तिथे त्याच्यावर जीव अवलंबून असतो. २००२ साली पॅट्रिशिया कॉट यांनी न्यूझीलंडमधल्या डिडेम्नम व्हेक्सिलम या जातीचं वर्णन प्रसिद्ध केलं. व्हेक्सिलम म्हणजे निशाण. तिचे लांब पदर पाण्यात झेंड्यासारखे हलतात. वर्णन न्यूझीलंडच्या नमुन्यांवरून झालं म्हणून ती तिथलीच, असं सुरुवातीला मानलं गेलं. नंतरच्या अभ्यासांतून तिचं मूळ जपानच्या बाजूला असावं असं दिसलं. तोवर ती बोटींबरोबर युरोप-अमेरिकेत पोचली होती, कालव्यांच्या शेतीवर पसरत होती आणि अमेरिकेच्या ईशान्येकडच्या जॉर्जेस बँकवर दोनशेहून जास्त चौरस किलोमीटर तळ तिनं झाकला होता. स्थानिक ठरली तर सांभाळायची, परकी ठरली तर उपटायची. नाव देणाऱ्याच्या एका वाक्यावर एवढं ठरतं.

इथे मला एक मोह होतो आणि तो मी टाळणार आहे. निसर्गातून माणसासाठी धडा काढायचा मोह. बोट्रिलसच्या दोन वसाहती वाढत वाढत एकमेकींना भिडल्या की एक विलक्षण गोष्ट घडते. कडेच्या रक्तवाहिन्यांची टोकं एकमेकांना चाचपतात. एका विशिष्ट जनुकाचं निदान एक रूप दोघींत सारखं असेल तर त्या एकजीव होतात, रक्त मिसळतं. नसेल तर सीमेवर पेशी मरतात, काळपट डाग पडतात आणि दोघी वेगळ्या राहतात. बघा, एवढंसं साम्य पुरतं, असं लिहून टाळ्या घेता येतील. पण पुढचं सांगायला हवं. एकजीव झाल्यावर एकीच्या मूळपेशी दुसरीत शिरतात आणि कधी कधी तिच्या अंडी-शुक्रपेशींची जागा बळकावतात. मग शरीर एकीचं आणि लेकरं दुसरीची. म्हणजे एकोपाही दिसतो तितका भोळा नाही. आणि नकार हा सगळा द्वेषच असतो असंही नाही. तो स्वतःला वाचवणंही असू शकतो. उलट बाजूनं, 'परक्याला नाकारणं निसर्गातच आहे' असं म्हणणाऱ्यालाही इथे आधार नाही, कारण तो प्राणी आडनाव पाहत नाही, धर्म पाहत नाही, आणि नकार देऊन पुन्हा शेजारीच राहतो. निसर्ग नीतिशास्त्र लिहीत नाही. ते आपल्यालाच लिहावं लागतं.

मग मला या प्राण्यांकडून काही मिळालं का? त्यांच्याकडून नसेल, पण त्यांना ओळखणाऱ्यांच्या शिस्तीकडून मिळालं. कुणाचंही वर्गीकरण करू नये, असं मी म्हणणार नाही. वर्गाशिवाय विचारच होत नाही. ज्याला नाव नाही त्याच्यासाठी कुणी लढतही नाही. धरणग्रस्त हा शब्द नसता तर जमिनीसाठी मोर्चा कुणाचा निघाला असता? कॅरिबियन समुद्रातल्या एक्टेनॅसिडिया टर्बिनाटा या वसाहती प्राण्यातून निघालेलं कर्करोगावरचं औषध आज वापरात आहे. तो प्राणी नेमका कोणता हे कुणी ठरवलं नसतं तर तेही मिळालं नसतं. नाव देणं हे काम आहे, आणि चांगलं काम आहे.

पण त्या कामाची किंमत असते, आणि ती नाव देणाऱ्यानं भरायची असते. कशावरून म्हणतोस ते सांग. किती पाहिलंस ते सांग. एकच टप्पा पाहिला असशील तर तसं सांग. चुकीचं ठरण्याची वाट मोकळी ठेव. आणि ज्याला नाव दिलंस तो बदलला, किंवा तुझी नजर सुधारली, तर नाव बदलायला लाजू नकोस. प्रयोगशाळेत मिलिमीटरभर जीवासाठी आपण हे सगळं पाळतो. चावडीवर, भाड्याची खोली देताना, लग्न जमवताना, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर समोरच्या अख्ख्या माणसासाठी यातलं एकही पाळत नाही. तिथे नाव देणाऱ्याला पुरावा लागत नाही, आणि ज्याला नाव मिळालं त्याला अपील नाही.

मराठीत ओळख या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. ओळख पटते, ती प्रेताचीही पटते आणि चोराचीही. ओळख होते, ती मात्र दोघांची मिळून होते, आणि तिला वेळ लागतो. पहिलीसाठी समोरचा जिवंत असायची गरज नाही. दुसरीसाठी त्यालाही आपल्याला प्रश्न विचारता आला पाहिजे.

माझ्या मैत्रिणीला मी पुढे विचारलं होतं, तुला कुणी काय विचारलेलं आवडेल? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आधी चहा घेणार का, असं विचारावं."